पाकिटावरचे नाव : व्यावसायिक पत्रव्यवहार आणि स्त्री-पुरुषविषयक गृहीतके

अपरिचित व्यक्तीला व्यवसायानिमित्त पत्र लिहिताना मजकुराच्या आधी एक निर्णय घ्यावा लागतो : मायना कोणता घालायचा? समोरची व्यक्ती पाहिलेली नसते, आवाज ऐकलेला नसतो. हाती असते ते एक नाव, कधी नुसती आद्याक्षरे आणि आडनाव. तेवढ्यावरून 'महोदय' लिहायचे की 'महोदया', हे ठरवले जाते. बहुतेक वेळा ते ठरवले जात नाहीच. लेखणी सवयीने पुल्लिंगी रूप लिहून मोकळी होते. ही बाब शिष्टाचाराच्या पुस्तकातल्या एखाद्या नियमाइतकी किरकोळ वाटेल. परंतु वाङ्मयाच्या इतिहासात या किरकोळ बाबीवरून पुस्तकांचे स्वागत आणि लेखकांची प्रतिष्ठा यांवर परिणाम झालेला दिसतो. लेखक आणि प्रकाशक यांचा संबंध हा मुळात व्यावसायिक संबंध असतो, आणि सुदैवाने त्यातली बरीच पत्रे जपली गेली आहेत. म्हणून या प्रश्नाचा इतिहास आपण याच दालनातून पाहू.

प्रारंभ शार्लट ब्राँटेपासून करणे योग्य ठरेल. डिसेंबर १८३६ मध्ये वीस वर्षांच्या शार्लटने राजकवी रॉबर्ट सदी यांना आपल्या कविता पाठवून अभिप्राय मागितला. मार्च १८३७ मध्ये आलेल्या उत्तरात सदींनी तिच्या ठायी काव्यशक्ती असल्याचे मान्य केले. पण साहित्य हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही आणि होऊही नये, असा उपदेश केला. पत्राखालची सही खरी नसावी, अशी शंकाही त्यांनी त्याच पत्रात बोलून दाखवली होती. म्हणजे व्यक्ती कोण आहे याबद्दल ते साशंक होते, मात्र स्त्रीने काय करू नये याबद्दल त्यांना शंका नव्हती. हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. स्त्री-पुरुषविषयक गृहीतके माणसाविषयीच्या माहितीवर उभी नसतात. माहिती नसेल तेथेही ती पूर्ण आत्मविश्वासाने काम करीत राहतात.

नऊ वर्षांनी शार्लट पुन्हा पत्रे लिहू लागली, ती या वेळी व्यवहाराची होती. एमिली आणि ॲन या बहिणींसह तिने कवितांचा एक संयुक्त संग्रह सिद्ध केला होता आणि लंडनच्या एलट अँड जोन्स या प्रकाशनसंस्थेकडून तो स्वखर्चाने छापून घ्यायचा होता. मुखपृष्ठावरची नावे ठरली : करर, एलिस आणि ॲक्टन बेल. पत्रव्यवहार शार्लट स्वतः 'सी. ब्राँटे' या सहीने, बेल बंधूंच्या वतीने करावा तसा करीत होती. कागद कोणता, टंक कोणता, छपाईचा खर्च किती, या विषयांवरची ती पत्रे मोजकी आणि नेमकी आहेत. मार्च १८४६ च्या आरंभी तिने ३१ पौंड १० शिलिंगांची हुंडी पाठवली. संस्थेने पत्रलेखक पुरुष आहे असे धरून चालले होते, आणि मुद्रिते 'सी. ब्राँटे, एस्क्वायर' या पत्त्यावर येत होती. त्याच महिन्याच्या अखेरीस शार्लटने प्रकाशकांना कळवले की, आजवर मुद्रिते सुखरूप पोहोचली म्हणून पत्त्यात बदल सुचवण्याची गरज वाटली नव्हती. पण काल थोडी चूक घडली, तेव्हा यापुढे ती 'मिस ब्राँटे' या खऱ्या पत्त्यावर पाठवावीत.

या छोट्या पत्राकडे वाङ्मयेतिहासात फारसे लक्ष दिले जात नाही. आम्हांला मात्र ते महत्त्वाचे वाटते. हॉवर्थसारख्या लहान गावात 'श्रीयुत सी. ब्राँटे' या नावाचे कोणी नव्हते. त्या आडनावाचे पुरुष घरात दोनच, वडील पॅट्रिक आणि भाऊ ब्रॅनवेल. पाकिटावर चुकीचे संबोधन पडले की टपाल चुकीच्या हाती जाणार, हा त्यातला व्यवहार. शार्लटने त्यावर रोष व्यक्त केला नाही, स्वतःविषयी काही खुलासाही केला नाही. केवळ पत्ता दुरुस्त करून मागितला. गृहीतक धरले की त्याची किंमत बहुधा ज्याच्याविषयी ते धरले जाते त्यालाच मोजावी लागते, आणि दुरुस्तीचे कामही त्याच्याच वाट्याला येते, याचे इतके साधे उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट १८४७ मध्ये, 'जेन एअर'चे हस्तलिखित स्मिथ, एल्डर अँड कंपनीकडे रवाना करताना तिने पत्त्याची आणखी एक व्यवस्था सांगितली : पत्रे 'मिस्टर करर बेल' यांच्या नावे, पण 'मिस ब्राँटे' यांच्या मार्फत यावीत. एकाच पाकिटावर एक 'मिस्टर' आणि एक 'मिस'! ग्रंथकार पुरुष, टपाल घेणारी स्त्री, आणि दोन्ही व्यक्ती एकच. ही नावे अशी का निवडली, याचे स्पष्टीकरण तिने १८५० साली दिले, तेव्हा एमिली आणि ॲन हयात नव्हत्या. उघडपणे पुरुषी नावे घेणे या बहिणींच्या सदसद्‌विवेकाला पटत नव्हते, तर उघडपणे स्त्रीची नावे घेतल्यास लेखन पूर्वग्रहाने पाहिले जाईल अशी धास्ती होती. म्हणून निर्णय वाचणाऱ्यावर सोडणारी नावे त्यांनी शोधली. वाचणाऱ्यांनी अर्थातच निर्णय घेतला, आणि तो तपासून पाहण्याची गरज अनेकांना वाटली नाही.

जुलै १८४८ मध्ये प्रकरण निकराला आले, तेही व्यवहारातूनच. एमिली आणि ॲनचा प्रकाशक टॉमस न्यूबी याने अमेरिकेतील एका प्रकाशकाला सांगितले की, तिन्ही बेल म्हणजे एकच लेखक. इकडे करर बेलचे पुढचे पुस्तक अमेरिकेत कोणाला द्यायचे याचा शब्द स्मिथ, एल्डर यांनी आधीच दिलेला. आपल्या लेखकाने फसवले की काय, अशी शंका त्यांच्या मनात उभी राहिली. शार्लट आणि ॲन रात्रीच्या गाडीने लंडनला निघाल्या आणि ८ जुलैला कॉर्नहिलवरील कचेरीत जॉर्ज स्मिथ यांच्यासमोर उभ्या राहिल्या. शार्लटने त्यांच्याच हातचे, करर बेलच्या नावाने आलेले पत्र पुढे केले. हे पत्र आपल्याला कोठे मिळाले, असे स्मिथ यांनी विचारले. पत्र टपालातून आले होते आणि ते तिलाच लिहिलेले होते! ज्यांच्याशी वर्षभर व्यवहार केला ती व्यक्ती समोर उभी असताना तिच्याच पत्राबद्दल तिला जाब द्यावा लागावा, यात विनोद आहे. परंतु लेखिकेची सचोटी पणाला लागली होती, हेही विसरता येत नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'मध्ये 'जेन एअर'वर एक कठोर परीक्षण आले. परीक्षणकर्त्याने स्वयंपाक आणि स्त्रियांचा पोशाख यांविषयीचे कादंबरीतले तपशील तपासून, हे लेखन स्त्रीचे असणे शक्य नाही असा कौल दिला; आणि ते स्त्रीचे असलेच, तर तिने स्त्रीसमाजात वावरण्याचा अधिकार कधीच गमावलेला असणार, असेही सुचवले. हे निनावी परीक्षण एलिझाबेथ रिग्बी या स्त्रीने लिहिलेले होते. तेव्हा गृहीतकांचा हा दोष पुरुषांपुरता मर्यादित मानण्याचे कारण नाही. साचा एकदा तयार झाला की तो कोणाच्याही हातून वापरला जातो.

दुसरे उदाहरण जॉर्ज एलियटचे. नोव्हेंबर १८५६ मध्ये जॉर्ज हेन्री ल्यूइस यांनी जॉन ब्लॅकवुड यांच्याकडे एका मित्राची म्हणून एक कथा पाठवली. कथा एका धर्मोपदेशकाविषयीची असल्यामुळे लेखकही धर्मोपदेशकच असावा, असे ब्लॅकवुड यांना वाटले. लेखकाचे नावच ठाऊक नसल्याने मायन्याची अडचण त्यांनी गमतीने सोडवली : कथानायकाचेच नाव घेऊन त्यांनी 'प्रिय एमॉस' असे लिहिले. फेब्रुवारी १८५७ मध्ये मेरी ॲन इव्हान्स यांनी त्यांना 'जॉर्ज एलियट' हे नाव पुरवले. पुढच्या जानेवारीत चार्ल्स डिकन्स यांचे पत्र आले. मायना पुरुषाला शोभेल असा होता, परंतु आतल्या मजकुरात त्यांनी लिहिले होते की, स्वतःच्या मनाप्रमाणे वागायचे तर आपण या लेखकाला स्त्री म्हणूनच संबोधले असते. पुस्तकातले काही सूक्ष्म स्पर्श पुरुषाच्या हातून येण्याजोगे नाहीत.

डिकन्स यांचा तर्क बरोबर निघाला, आणि त्यांच्या मर्मज्ञतेचा दाखला म्हणून ही गोष्ट आपल्याकडील वर्गांतही सांगितली जाते. येथे थोडे थांबावेसे वाटते. अंदाज बरोबर ठरला म्हणून अंदाज बांधण्याची रीत बरोबर ठरते काय? 'सूक्ष्म स्पर्श' स्त्रीचे आणि 'जोरकसपणा' पुरुषाचा, या समजुतीवरच डिकन्स यांचा तर्क उभा होता. याच समजुतीचे काय होते ते पाहण्यासाठी आपल्याला शंभराहून अधिक वर्षे ओलांडून अमेरिकेत जावे लागेल.

१९६८ पासून अमेरिकेतील विज्ञानकथेच्या मासिकांत जेम्स टिपट्री ज्युनियर या लेखकाच्या कथा येऊ लागल्या. संपादकांशी आणि सहलेखकांशी त्याचा भरपूर, मनमोकळा पत्रव्यवहार होता. पत्ता मात्र व्हर्जिनियातील एका टपालपेटीचा, आणि कोणी त्याला पाहिलेले नव्हते. तो स्त्री असावा अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा, १९७५ मध्ये, टिपट्रीच्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी ती कल्पना हास्यास्पद ठरवली. या लेखनात अटळपणे पुरुषी असे काही आहे, असे सांगून त्यांनी हेमिंग्वेशी तुलना केली. पुढच्याच वर्षी टिपट्रीच्या आईचे निधन झाले, त्या निमित्ताने धागेदोरे जुळले आणि लेखकाचे खरे नाव उघड झाले : ॲलिस शेल्डन. टोपणनावातले 'टिपट्री' हे मुरंब्याच्या बरणीवरच्या चिठ्ठीवरून घेतलेले होते. शेल्डन यांची १९७३ सालची एक गाजलेली कथा पुरुषांना न दिसणाऱ्या स्त्रियांविषयी आहे, हा योगायोग मोठा बोलका म्हटला पाहिजे.

डिकन्स आणि सिल्व्हरबर्ग यांना शेजारी ठेवून वाचले म्हणजे मुद्दा स्पष्ट होतो. एकाचा अंदाज खरा ठरला, दुसऱ्याचा खोटा. पद्धत मात्र एकच होती : शैलीवरून व्यक्तीचे लिंग ओळखता येते, ही खात्री. जी पद्धत कधी खरे आणि कधी खोटे उत्तर देते आणि उत्तर खोटे असतानाही तितकाच आत्मविश्वास देते, तिला मर्मज्ञता म्हणता येणार नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी याची नोंद अधिक गांभीर्याने घ्यायला हवी, कारण 'स्त्रीसुलभ' आणि 'पौरुषयुक्त' ही विशेषणे आपल्या समीक्षेत अजूनही पुराव्याशिवाय वावरतात.

साहित्याबाहेरचा व्यापारही याला अपवाद नव्हता. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली यांनी सहा पौंडांच्या भांडवलावर 'फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स' ही संगणक-आज्ञावली लिहून देणारी कंपनी सुरू केली. काम मिळवण्यासाठी त्यांनी स्वतःच्या नावाने पाठवलेल्या पत्रांना प्रतिसाद मिळेना. पतीच्या सूचनेवरून त्या 'स्टीव्ह शर्ली' अशी सही करू लागल्या आणि भेटीच्या वेळा मिळू लागल्या. कामाचा दर्जा तोच, पत्रातला प्रस्ताव तोच, बदलले होते फक्त सहीतले नाव. त्यांच्या पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांपैकी २९७ स्त्रिया होत्या, आणि त्या बहुतांशी घरी बसून काम करीत. काँकॉर्ड विमानाच्या उड्डाण-नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेची आज्ञावली याच कंपनीने लिहिली. सदींच्या पत्राला तोवर सव्वाशे वर्षे होऊन गेली होती, आणि तरीही दार उघडण्यासाठी पुरुषाचे नाव लागत होते.

या अडचणीवर उपाय शोधण्याचा प्रयत्नही कचेऱ्यांतूनच झाला. इंग्रजीत पुरुषाला 'मिस्टर' म्हटले की त्याच्या विवाहाचा प्रश्न उद्भवत नाही. स्त्रीला 'मिस' म्हणावे की 'मिसेस', हे ठरवायला मात्र तिची वैवाहिक स्थिती ठाऊक असावी लागे. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या 'संडे रिपब्लिकन' या पत्राने १० नोव्हेंबर १९०१ रोजी दोहोंना सामावणारे 'मिज' हे संबोधन सुचवले. ती सूचना तशीच पडून राहिली. १९५२ मध्ये अमेरिकेतील कार्यालय-व्यवस्थापकांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या 'सोप्या पत्रा'च्या पुस्तिकेत सर्व स्त्रियांसाठी तेच संबोधन वापरावे असे सांगितले. याच पद्धतीच्या पत्रात मायना मुळी गाळूनच टाकलेला होता, हे विशेष. स्त्रीवादी चळवळीने १९७० नंतर त्या शब्दाला बळ दिले, १९७२ मध्ये त्याच नावाचे मासिक नियमित निघू लागले आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १९८६ मध्ये तो शब्द स्वीकारला. सूचना निघाल्यापासून तिच्या स्वीकारापर्यंत ८५ वर्षे गेली.

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठीत 'श्री.' पुरुषाच्या विवाहाविषयी काहीच सांगत नाही; 'कु.', 'सौ.' आणि 'गं. भा.' मात्र स्त्रीच्या आयुष्यातील विवाह आणि वैधव्य पाकिटावरच जाहीर करतात. 'श्रीमती' हे कोणत्याही स्त्रीस लावता येण्याजोगे संबोधन असूनही अनेक घरांत ते विधवेपुरतेच मानले जाते, आणि त्यामुळे ते लिहिताना हात अडखळतो. नावेही फसवी असतात. 'आरती प्रभु' हे नाव वाचून कोणीही कवयित्री मनात आणील. त्या नावाने कविता लिहिल्या त्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने आले आणि खळबळ उडाली, तेव्हा त्या नावाआड बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, होत्या. शिवाय आडनावापूर्वी आद्याक्षरे लिहिण्याची आपली जुनी रीत लिंग पूर्ण झाकते, आणि तरीही अशी आद्याक्षरे पाहिली की विद्यार्थ्यांच्याच नव्हे, अध्यापकांच्याही लेखणीतून 'ते म्हणतात' असेच उतरते.

मराठी व्याकरण या बाबतीत आपल्याला कोंडीत पकडते असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. 'मी लिहितो' किंवा 'मी लिहिते' यांत लिंग उघड होते, आणि 'ते आले', 'त्या आल्या' यांतही. पण 'मी कथा लिहिली' यात क्रियापद कथेच्या मागे जाते, लिहिणारी व्यक्ती झाकलेलीच राहते. 'पाठवीत आहे', 'विनंती आहे' या कार्यालयीन रूपांत लिंग नाही. समोरच्याला उद्देशून 'आपण आलात', 'आपण कळवावे' असे लिहिले तर तेथेही नाही. 'आम्ही' हे सर्वनामही तसेच. प्रस्तुत लेख लिहिणारे स्त्रिया आहेत की पुरुष, हे त्यातल्या एकाही क्रियापदावरून सांगता येणार नाही. आणि ज्या 'महोदय'मुळे सारा पेच पडतो, त्याची तरी गरज काय? 'स. न. वि. वि.', म्हणजे 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष', हा आपला जुना उपचार स्त्री-पुरुष कोणालाही चालतो. अमेरिकेतल्या संघटनेने मायना गाळून जे साधले, ते आपल्या पत्रलेखनात नमस्काराच्या रूपाने आधीच उपलब्ध होते. अर्ज आणि निवेदने शिकवताना आपण तो उपचार घरगुती ठरवून बाजूला सारला आणि 'महोदय' तेवढे पाठ करून घेतले.

म्हणून वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी संपादकांना, प्रकाशकांना, परिसंवादाच्या संयोजकांना लिहिताना काही साध्या गोष्टी पाळाव्यात असे आम्हांला वाटते. पूर्ण नाव ठाऊक असेल तर तेच लिहावे. पद ठाऊक असेल तर 'संपादक यांस' एवढे पुरते. ठाऊक नसेल तर नमस्कार करून मुद्द्यावर यावे. परीक्षण लिहिताना लेखकाविषयी माहिती नसेल तर वाक्याचा कर्ता कथेला किंवा निबंधाला करावे. आणि विचारणे शक्य असेल तेथे विचारावे. विचारण्यात अपमान नाही, गृहीत धरण्यात तो असू शकतो. आपले गृहीतक चुकल्याचे कोणी कळवले, तर पुढच्या पत्रापासून दुरुस्ती करावी आणि तिचा फार गाजावाजा करू नये.

एलट अँड जोन्स हे काही मोठे द्रष्टे प्रकाशक नव्हते. त्यांनी छापलेल्या त्या काव्यसंग्रहाच्या पहिल्या वर्षात अवघ्या दोन प्रती खपल्या. पण ज्या स्त्रीला काय म्हणून संबोधावे याचा त्यांनी चुकीचा अंदाज केला होता, तिने आपला पत्ता स्वतः सांगितला होता. सदींपासून सिल्व्हरबर्गपर्यंत पुष्कळांनी लेखिका कशी असते आणि कशी नसते यावर मते मांडली. नाव आणि पत्ता ज्याचा त्याने सांगावा, आणि इतरांनी तो तसा लिहावा, एवढेच शार्लट ब्राँटेचे मागणे होते.